घरून काम करताना मॅनेजरचे आपल्याविषयीचे मत कसे जाणून घ्यावे

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारी मराठवाड्यातली अनेक मुले लॅपटॉप घेऊन लातूर, नांदेड, परभणीला आपापल्या घरी आली, आणि त्यांतल्या काहींचे काम आजही घरूनच चालते. ऑफिसात मॅनेजर चहाला हाक मारतो की नाही, यावरूनही थोडा अंदाज येत असे. तो आधार सुटल्यावर चॅटवरच्या 'ठीक आहे' या दोन शब्दांचा अर्थ लावत माणूस रात्र काढतो. लातूरच्या घरात वरच्या खोलीत बसून मीही असे अर्थ लावले आहेत आणि ते बहुतेक वेळा चुकले आहेत.

त्यामुळे संदेशाच्या सुरापेक्षा कामाच्या वाटपाकडे पाहावे. मागच्या तीन महिन्यांत आपल्याकडे आलेली कामे एका वहीत लिहून काढावीत आणि त्यांतले कोणते काम अडले असते तर क्लायंटपर्यंत बोंब गेली असती, ते तपासावे. अवघड काम अजून आपल्याकडेच येत असेल, नव्या माणसाला शिकवायला आपल्याला सांगितले जात असेल, तर विश्वास आहे असे समजायला हरकत नाही. उलट, आपले काम न सांगता दुसऱ्याकडे जाऊ लागले किंवा ज्या मीटिंगला आपण नेहमी असायचो तिचे निमंत्रण येणे थांबले, तर ते गांभीर्याने घ्यावे. मात्र मीटिंग सगळ्यांचीच रद्द झाली की आपली एकट्याची, एवढे आधी सहकाऱ्याला विचारून घ्यावे.

आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. उन्हाळ्यात भरदुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर संपतो, राऊटर बंद पडतो. पुण्यात बसलेल्या मॅनेजरला यातले काहीच दिसत नाही, त्याला दिसतो तो आपल्या नावापुढचा विझलेला हिरवा ठिपका. अशा वेळी मोबाइलवरून लगेच दोन ओळी कळवाव्यात, कारण त्याचे मत त्याला दिसते त्यावरच बनते.

एवढे पाहूनही शेवटी विचारावेच लागते. "माझे काम कसे वाटते?" असे विचारले तर "चांगले आहे" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "मागच्या रिलीजमध्ये मी कोणती गोष्ट वेगळी करायला हवी होती?" असे नेमके विचारावे (रिलीज म्हणजे तयार झालेले सॉफ्टवेअर वापरायला देणे). ज्या कंपन्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, तिथे हे ऑक्टोबरच्या सुमारासच विचारावे. मार्चमध्ये वर्षभराच्या कामाचे रेटिंग जवळपास ठरलेले असते, आणि तोपर्यंत गप्प राहण्याची चूक मी एकदा केली आहे.

बोलणे झाल्यावर, आपल्याला काय समजले ते त्याच दिवशी चार ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवावे. त्यावर मॅनेजरने एखादी दुरुस्ती सुचवली, तर त्याचे खरे मत त्या दुरुस्तीत सापडते.