तांब्याच्या पत्र्यावर उठावाचा ठसा कसा करावा

नेहमीच्या एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने धातूचा पत्रा कोरण्याच्या पद्धतीत, सुईने ओढलेली रेघ आम्ल खाते आणि शाई त्या खाचेत बसते. इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकने १७८८च्या सुमारास लंडनमध्ये हे उलटे करून पाहिले. रेघ वॉर्निशने काढायची आणि आजूबाजूचे उघडे तांबे आम्लाला खाऊ द्यायचे. रेघ उंच राहते, शाई तिच्या माथ्यावर लागते. कविता आणि चित्र एकाच पत्र्यावर आणता येते, छपाईचे खिळे, म्हणजे सुटी धातूची अक्षरे, जुळवावे लागत नाहीत. १७८९चे ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हे कवितांचे पुस्तक त्याने असेच छापले.

आधी पत्र्याच्या कडा कानशीने गुळगुळीत करा. मग ओली खडूची पूड चोळून तेलकटपणा काढा आणि पाणी ओता. पाणी थेंबाथेंबांत तुटले तर पत्रा अजून तेलकट आहे, पुन्हा घासा. या कामात घाई केली की पुढे वॉर्निश सुटते.

अस्फाल्टमचे (डांबरासारख्या पदार्थाचे) वॉर्निश टर्पेंटाइनने पातळ करा. ते बोरूतून सहज उतरले पाहिजे, पण पसरता कामा नये. अक्षरे उलटी लिहायची आहेत. लिहून झाले की समोर आरसा धरा, चुका लगेच दिसतात. पत्र्याची मागची बाजू आणि कडाही वॉर्निशने झाका आणि सगळे पूर्ण वाळू द्या.

आता आम्ल. ब्लेकच्या काळी पत्र्याभोवती मेणाचा बांध घालून त्यात पातळ नायट्रिक आम्ल ओतत आणि तांब्यावर उठणारे बुडबुडे पिसाने हलवत. त्यातून विषारी वाफ निघते, म्हणून आम्लाऐवजी मी तांबे खाणारा क्षार, फेरिक क्लोराइडच, सुचवीन. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. पत्रा तोंड खाली करून लहान आधारांवर ठेवला, तर गाळ खाली पडतो आणि खाणे एकसारखे होते.

खरी कसोटी पुढे आहे. आम्ल खाली उतरते तसे बाजूलाही सरकते आणि रेघेच्या मुळाशी शिरते. म्हणून मधेच पत्रा धुऊन वाळवा, भिंगाखाली रेघांच्या कडा पाहा, नाजूक कडांना पुन्हा वॉर्निश लावा आणि मग दुसऱ्यांदा खाऊ द्या. खोलीचा हव्यास नको. ब्लेकच्या अशा उठावाच्या पत्र्यांपैकी एकच लहानसा तुकडा उरला आहे. त्यावरची खोली जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरते.

इतक्या उथळ ठशाला मऊ रोलर चालत नाही, तो खोलगट भागातही शाई सोडतो. कडक रोलरवर शाईचा अगदी पातळ थर घ्या. तरीही मोकळ्या जागी डाग पडले, तर बोटाभोवती कापड गुंडाळून पुसा. कागद किंचित दमट असावा. दाब हलका ठेवा, चमच्याच्या पाठीनेही छाप उठते.

वापरलेले फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नका. ते घातक कचऱ्यातच द्या. पत्र्यावरची शाई टर्पेंटाइनने पुसून तेलाचा हलका हात फिरवा आणि पत्रा कागदात गुंडाळून ठेवा.