खुब्याचा सांधा बदलल्यानंतर घाई आणि दिरंगाईच्या या चुका टाळा

खुब्याचा सांधा बदललेल्या बहुतेक रुग्णांचे दुखणे थांबते, चालणे सुधारते आणि रात्रीची झोप परत मिळते. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे शल्यचिकित्सक जॉन चार्नले यांनी १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा, प्लॅस्टिकची वाटी आणि हे दोन्ही भाग हाडात पक्के बसवणारे अ‍ॅक्रिलिक सिमेंट अशी जोडणी वापरण्यास सुरुवात केली. आजचे सांधे पुष्कळ बदललेले असले तरी गोळा आणि वाटी हे मूळ तत्त्व तेच आहे. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील सांधेरोपणाच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार बसवलेल्या सांध्यांपैकी १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के सांधे शाबूत होते. ज्या सांध्यांना २५ वर्षे पूर्ण झाली ते अर्थातच जुन्या घडणीचे होते, त्यामुळे आज बसवल्या जाणाऱ्या सांध्यांकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे वाजवी आहे.

गुंतागुंत थोड्याच रुग्णांना होते. मात्र ज्यांना ती होते, त्यांच्या बाबतीत मूळ बिघाडाइतकेच नुकसान वेळ चुकल्यामुळे होऊ शकते. ज्या तक्रारीसाठी सहा महिने शांतपणे थांबायला हवे, तिच्यावर पंधरा दिवसांतच उपाय सुरू होतात, आणि ज्या तक्रारीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे, तिला ‘शस्त्रक्रिया झाली आहे, एवढे तर होणारच’ असे म्हणून बाजूला सारले जाते. पुढील बहुतेक चुका या दोन प्रकारांत मोडतात.

झिरपणाऱ्या जखमेवर परस्पर अँटिबायोटिक सुरू करणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. पहिल्यांदा सांधा बदललेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एकाला सांध्यात खोलवर जंतुसंसर्ग होतो. प्रमाण कमी असले तरी हा संसर्ग साध्या जखमेच्या संसर्गासारखा नसतो. धातू आणि प्लॅस्टिक यांना रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर जंतू एकदा स्थिरावले की ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात आणि त्या थराच्या आत शरीराच्या संरक्षक पेशी व औषधे पुरेशी पोहोचत नाहीत. हा थर कोवळा असताना, म्हणजे लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत, सांधा उघडून धुणे, बदलता येणारे गोळा आणि अस्तर (वाटीच्या आत बसणारा, गोळा ज्यावर फिरतो तो थर) हे भाग बदलणे आणि हाडात बसलेले भाग तसेच राखणे अनेकदा शक्य असते. तो थर पक्का झाल्यावर बहुधा संपूर्ण कृत्रिम सांधा काढावा लागतो. मग काही वेळा त्याच बैठकीत नवा सांधा बसवतात, तर काही वेळा अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवून, संसर्ग आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करतात.

म्हणूनच जखमेतून पाच ते सात दिवसांनंतरही पाणी झिरपत असेल, थांबलेला स्राव पुन्हा सुरू झाला असेल, जखमेभोवतीची लाली पसरत असेल किंवा कमी होत आलेले दुखणे उलट वाढू लागले असेल, तर जखम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावी. या टप्प्यावर घरात उरलेल्या किंवा परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या तर लाली ओसरते, स्राव कमी होतो आणि सर्वांना बरे वाटते, परंतु आतला संसर्ग तसाच राहतो. शिवाय सांध्यातील द्रवाची तपासणी करायची वेळ आली की जंतू वाढत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल हे समजत नाही. नमुना घेण्यापूर्वी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावे लागते, म्हणजे ज्या काळात सांधा वाचवता आला असता तो काळ असाच निघून जातो. जखमेभोवती थोडी ऊब आणि सूज काही आठवडे राहणे मात्र स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. थंडी वाजून जोराचा ताप आला किंवा रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. अशा वेळी औषध लगेच सुरू करायचे की आधी नमुने घ्यायचे हा निर्णय तेथील डॉक्टरांचा असतो.

संसर्ग पुष्कळ वर्षांनीही होऊ शकतो, कारण पायावरची चिघळलेली जखम, मूत्रमार्गाचा दुर्लक्षित विकार किंवा दातांच्या मुळाशी साठलेला पू यांतील जंतू रक्तावाटे सांध्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे अशा विकारांवर वेळीच उपचार घेणे हा सांध्याच्या काळजीचाच भाग समजावा. याची तयारी शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू होते. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद करणे, रक्तातील साखर आटोक्यात आणणे आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन महिन्यांत त्या खुब्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन न घेणे या तीन गोष्टींनी धोका कमी होतो. ठरलेली तारीख साखरेमुळे पुढे ढकलली गेली तर अनेकांना राग येतो, पण तो विलंब रुग्णाच्याच हिताचा असतो.

रक्त पातळ ठेवणारे औषध मध्येच सोडणे

शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे टिकतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध अनेकदा ३५ दिवसांपर्यंत दिले जाते. रुग्ण घरी येऊन चालू लागला की आता गरज नाही असे वाटून दहाव्या-बाराव्या दिवशी गोळ्या बंद केल्या जातात, आणि धोका मात्र संपलेला नसतो. शस्त्रक्रिया झालेला पाय संध्याकाळी सुजणे आणि रात्रभर उंच ठेवल्यावर सकाळी सूज उतरणे हे बऱ्याच दिवसांपर्यंत चालते. सूज सकाळीही तशीच असेल, पोटरी कडक होऊन दुखत असेल, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत पोटरी चोळू नये. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे याचा अर्थ गुठळी फुप्फुसात गेली असण्याची शक्यता आहे, असा घ्यावा. तेव्हा फोनवर सल्ला विचारत बसण्याऐवजी थेट आपत्कालीन विभागात जावे.

पाय लांब वाटतो म्हणून लगेच बुटात टाच घालणे

येथे चूक उलट प्रकारची, म्हणजे घाईची असते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत नवा पाय लांब झाल्यासारखा वाटणे अतिशय सामान्य आहे. सांधा झिजत असताना वर्षानुवर्षे पाय आखडलेला असतो, स्नायू आक्रसलेले असतात आणि कमरेचे हाड एका बाजूला कललेले असते. सांधा बदलला तरी ही जुनी ठेवण एका दिवसात जात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष लांबी सारखी असूनही पाय लांब भासतो. व्यायामाने स्नायू सैल झाले की बहुतेकांची ही जाणीव तीन ते सहा महिन्यांत ओसरते. दरम्यान दुसऱ्या बुटात जाड टाच घातली तर कललेले कंबर तसेच राहते आणि सुधारणा लांबते. कधीकधी सांधा निखळू नये म्हणून स्नायूंना पुरेसा ताण देताना पाय खरोखरच काही मिलिमीटर लांब होतो, आणि एवढा फरक बहुतेकांना पुढे जाणवतही नाही. सहा महिन्यांनीही फरक खटकत असेल तर क्ष-किरण चित्रावर मोजमाप करून मग टाच घालावी. मला विचाराल तर या एका तक्रारीत रुग्णाने दाखवलेला धीर कोणत्याही उपकरणापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मात्र पाऊल वर उचलता येत नसेल किंवा चालताना चवडा घासत असेल, तर ती गोष्ट लांबीची नाही. नितंबामागून जाणाऱ्या मोठ्या चेतातंतूला ताण किंवा इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते. असे क्वचित घडते, पण ते लक्षात येताच डॉक्टरांना कळवावे.

दुसऱ्याचे नियम स्वतःला लावणे

सांधा निखळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि तो कोणत्या हालचालीने निखळू शकतो हे शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली यावर अवलंबून असते. मागच्या बाजूने सांधा उघडला असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पाय एकमेकांवर टाकणे आणि पाऊल आत वळवणे यांचा संयोग धोक्याचा असतो. समोरून उघडला असेल तर पाय मागे ताणून बाहेर वळवणे त्रासदायक ठरू शकते. त्यामुळे ज्याची शस्त्रक्रिया वेगळ्या मार्गाने झाली आहे, अशा परिचिताकडून ऐकलेली पथ्ये पाळणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय खरी पथ्ये त्यामुळे सुटतात. आज मोठ्या आकाराचे गोळे वापरले जात असल्याने सर्वांनाच कडक बंधने घालण्याची गरज नसते. उलट ज्यांच्या कमरेचे मणके स्क्रू घालून जोडलेले आहेत, त्यांना अधिक काळजी घ्यावी लागते, कारण बसताना कंबर वाकत नाही आणि सगळी हालचाल खुब्यावर येते. स्वतःच्या शस्त्रक्रियेचा मार्ग कोणता आणि पथ्ये किती दिवसांची, हे घरी जाण्यापूर्वी लिहून घ्यावे.

प्रत्यक्षात घात होतो तो साध्या क्षणी, म्हणजे खोल सोफ्यावरून पुढे झुकून उठताना, बसल्या जागेवरून खाली पडलेली वस्तू उचलताना किंवा उभ्याने पाऊल न उचलता अंग वळवताना. सांधा निखळला तर एकदम असह्य कळ येते, पाय आखूड व वळलेला दिसतो आणि त्यावर भार देता येत नाही. अशा वेळी घरच्यांनी पाय ओढून बसवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. रुग्णाला आहे त्या स्थितीत उशांचा आधार द्यावा, रुग्णवाहिका बोलवावी आणि खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण सांधा पुन्हा बसवण्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते.

काठी चुकीच्या हातात धरणे आणि लवकर टाकून देणे

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात पाहायला मिळते. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते. नितंबाच्या बाजूचे स्नायू एका पायावर उभे असताना कंबर समतल ठेवतात, आणि विरुद्ध हातातील काठी त्याच कामाला हातभार लावते. त्याच बाजूच्या हातात धरली तर शरीर त्या बाजूला झुकते आणि लंगडण्याची सवय पक्की होते. काठी केव्हा सोडायची याची कसोटी दिवसांवर नाही. काठीशिवाय दहा-पंधरा मिनिटे न लंगडता चालता आले की ती सोडावी. दुखणे थांबले की व्यायामही थांबवले जातात, वास्तविक या स्नायूंची ताकद वर्षभर वाढत राहू शकते.

पडण्याचा धोका याहून गंभीर आहे. गोळा ज्यावर बसवतात आणि जो मांडीच्या हाडात रोवलेला असतो, त्या कृत्रिम दांड्याभोवतीचे हाड मोडले तर त्याची शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. पडल्यानंतर मांडीत नवे दुखणे सुरू झाले तर चालून पाहण्याऐवजी आधी क्ष-किरण चित्र काढावे. हाडे ठिसूळ असतील तर त्यांचे उपचार सांधा बदलल्यामुळे संपत नाहीत.

उरलेल्या दुखण्याची जागा न सांगणे

खुबा बदललेल्यांपैकी साधारण ७ ते २३ टक्के रुग्णांना दीर्घकाळ काही ना काही दुखणे राहते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. ‘दुखते’ एवढेच सांगितल्याने कारण शोधता येत नाही. जांघेत दुखत असेल तर वाटी किंवा तिच्यावर घासणारा स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), मांडीच्या मध्यावर दुखत असेल तर दांडा, आणि कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर तेथील स्नायूबंधांचा दाह, असा विचार डॉक्टर करतात. नितंबातून गुडघ्याखाली जाणारी कळ बहुधा मणक्याची असते. उठून पहिली काही पावले टाकताना दुखणे आणि मग कमी होणे हे सांधा सैल झाल्याचे सूचक असते, तर स्थिर पडून असतानाही रात्री दुखणे संसर्गाची शंका निर्माण करते. कारण नक्की न करता केलेल्या पुनर्शस्त्रक्रियेने दुखणे क्वचितच जाते, म्हणून ‘सांधा पुन्हा बदलून टाका’ असा आग्रह रुग्णाने धरू नये आणि कोणी तसे सुचवले तर कारण विचारावे.

दुखत नाही म्हणून तपासणीला न जाणे

प्लॅस्टिकच्या झिजेतून सुटलेले अतिसूक्ष्म कण आजूबाजूचे हाड हळूहळू पोखरतात, आणि हे पोखरणे बराच काळ अजिबात दुखत नाही. सुधारित प्लॅस्टिकमुळे हे प्रमाण पुष्कळ घटले आहे, तरीही ठरलेल्या वर्षी क्ष-किरण चित्र काढणे सोडू नये, कारण हाड शिल्लक असताना केवळ अस्तर बदलून भागते आणि हाड गेल्यावर संपूर्ण पुनर्रचना करावी लागते. दोन्ही पृष्ठभाग धातूचे असलेल्या सांध्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियम सुटून भोवतालच्या ऊतींची हानी झाल्याचे दिसून आले, आणि २०१० मध्ये अशा एका प्रकारचे सांधे जगभरातून परत मागवण्यात आले. त्या वेळी प्रत्येक रुग्णाला आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हे जाणून घेणे आवश्यक झाले. बसवलेल्या प्रत्येक भागावरचे उत्पादकाचे नाव, आकार आणि क्रमांक यांच्या चिकटपट्ट्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत लावलेल्या असतात. त्यांची प्रत शस्त्रक्रियेच्या टिपणासह मागून घ्यावी आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावे. वीस वर्षांनी केवळ अस्तर बदलायचे झाले, तर त्याच मापाचा भाग शोधण्यासाठी डॉक्टर आधी तोच कागद मागतील.