बाळाच्या मेंदूसाठी आईच्या ताटात काय वाढायचं

नात आता चार महिन्यांची झाली. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सुनेचं बाळंतपण मीच केलं. घर शाकाहारी, अंडंही नाही. म्हणून बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धाम्लं कुठून द्यायची, हे मी सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

मेंदूतलं पाणी वगळलं तर उरतं त्यात निम्म्याहून जास्त स्निग्धच असतं. जन्मतः साधारण 350 ग्रॅमचा मेंदू वर्षभरात दुपटीच्या पुढे जातो. त्याला लागणारं डीएचए, म्हणजे ओमेगा-3 गटातलं एक स्निग्धाम्ल, पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि पुढची दोन वर्षं भराभर साठतं. अंगावरच्या दुधात ते किती उतरणार, हे आईच्या खाण्यावर ठरतं. सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध. बदाम तेलाचे थेंब नकोत, घुटी नको, मध तर वर्ष होईपर्यंत नाहीच. माझ्या मुलाला मी घुटी दिली होती. नातीला दिली नाही.

आईसाठी जवस इंदूरच्या सियागंज बाजारातून आणा, दुकानात अलसी म्हणून मागा. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर आठ दिवसांपुरतीच पूड करा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. अख्खे दाणे पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. पूड खवट लागली तर टाकून द्या. रोज एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम, पुरे. त्यात दीड ग्रॅमभर अल्फा-लिनोलेनिक आम्ल (शरीर ज्यापासून डीएचए करतं ते स्निग्धाम्ल) मिळतं आणि दूध पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण 1.3 ग्रॅम लागतं. मी लसूण घालून कमी तिखटाची चटणी करते, सून ती भाकरीबरोबर तूप घालून खाते. अळिवाच्या लाडवातूनही हे आम्ल मिळतं, आपल्या आज्या ते उगीच करत नव्हत्या. फोडणीला आमच्या माळव्यातलं सोयाबीन तेल ठेवलंय, कारण शेंगदाणा आणि सूर्यफुलाच्या तेलात हे जवळजवळ नसतंच.

पण नुसत्या जवसावर थांबू नका. त्यातल्या आम्लाचं डीएचए शरीर फारच थोडं करतं. मासे खाणाऱ्या घरात ते आयतं मिळतं. आमच्यासारख्यांसाठी समुद्री शेवाळापासून काढलेलं डीएचए असतं. माशांच्या अंगातही ते मुळात शेवाळातूनच येतं. डॉक्टरांनी सुनेला रोज 200 मिलिग्रॅम सांगितलंय. घेताना पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना बघा, कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचंही असतं. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र सुरू करू नका.

नातीला सातवा महिना लागला की तिच्या मऊ खिचडीत चमचाभर तूप आणि चिमूटभर अक्रोडाची बारीक पूड घालीन. अक्रोडाचा तुकडा कधीच नाही, घशात अडकतो. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या जेवणातलं तूप-तेल कमी करायचं नाही, बाळ कितीही गुटगुटीत दिसलं तरी. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर हे माझं काहीच धरू नका. त्याचा हिशेब वेगळा असतो, तो बाळाच्या डॉक्टरांकडूनच घ्या.