म्युनिकहून साल्झबर्गला रीजनल गाडीने जाताना या चुका टाळा

फ्राइलासिंग हे शेवटचे जर्मन स्थानक सुटले की गाडी सालाख नदी ओलांडते आणि काही मिनिटांतच ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मुख्य स्थानकात शिरते. वाटेत फाटक लागत नाही, गाडी बदलावी लागत नाही, की कोणी शिक्काही मारत नाही. त्यामुळे सीमा आता नावापुरतीच उरली आहे, असा समज करून घेणे सोपे जाते. प्रत्यक्षात तिकिटाची हद्द, पोलीस तपासणीची जागा आणि मोबाइल नेटवर्कची हद्द या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी येतात, आणि बहुतेक प्रवासी अडचणीत सापडतात ते या तिन्ही एकच आहेत असे गृहीत धरल्यामुळे.

सर्वाधिक गोंधळ तिकिटाचा होतो. या मार्गावर आपल्याकडील मंडळी बहुधा बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्याचे एका दिवसाचे तिकीट) किंवा डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर चालणारे मासिक तिकीट) वापरतात, आणि ही दोन्ही तिकिटे साल्झबर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत चालतात; मात्र ती फक्त रीजनल गाड्यांना लागू आहेत. त्याच रुळांवरून, त्याच दिशेने युरोसिटी (ईसी) आणि रेलजेट (आरजे) या लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात, आणि घाईत फलकावर केवळ ‘साल्झबर्ग’ एवढेच वाचून गाडीत चढणारा माणूस पुढच्या तपासणीत विनातिकीट ठरतो. म्हणून गावाच्या नावाआधी गाडीचा प्रकार वाचावा: आरई, आरबी किंवा एस असेल तर चढावे, ईसी किंवा आरजे असेल तर चढू नये.

बायर्न-तिकिटाला वेळेचीही अट आहे. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच सुरू होते, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मात्र मध्यरात्रीपासून चालते. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन लवकर निघावे म्हणून साडेआठची गाडी पकडली, तर त्या गाडीसाठी हे तिकीट नाहीच. शिवाय कागदी तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचे नाव लिहावे लागते. ते लिहिणे राहून गेले, तर तपासनीस आल्यावर पेन शोधण्याची वेळ येते.

डॉइचलांड-तिकीट ज्याच्या नावावर असेल त्यालाच चालते, त्यामुळे सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवायचे असते. त्याचा स्क्रीनशॉट पुरेसा मानला जात नाही. फोनची बॅटरी संपल्यामुळे तिकीट दाखवता आले नाही, तर वाद घालण्यात अर्थ नाही. तपासनिसाकडून नोंद केल्याची पावती घ्यावी आणि ठरलेल्या मुदतीत संबंधित कंपनीला तिकीट दाखवावे, म्हणजे ६० युरोंऐवजी साधारणपणे ७ युरोंवर भागते.

साल्झबर्गच्या पुढे मात्र ही तिकिटे थांबतात. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या सरोवरकाठच्या गावी जाऊ पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथपर्यंतच्या प्रवासासाठी ऑस्ट्रियन रेल्वेचे वेगळे तिकीट गाडीत बसण्यापूर्वीच काढावे लागते, आणि हालश्टाटचे स्थानक सरोवराच्या पलीकडच्या काठावर असल्याने गावात पोहोचायला होडीचे भाडे निराळे द्यावे लागते.

कागदपत्रांची चूक बहुतेक वेळा परतीच्या प्रवासात उघड होते. जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर सप्टेंबर २०१५ पासून तपासणी सुरू केली, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून ती सर्व भू-सीमांवर लागू झाली. त्यामुळे जाताना कोणी काही विचारले नाही म्हणून येतानाही विचारणार नाही, हा हिशेब चुकतो. जर्मनीत शिकणारे अनेक विद्यार्थी केवळ निवास परवान्याचे कार्ड खिशात ठेवतात, पासपोर्ट घरीच असतो. सीमा ओलांडताना मात्र दोन्ही मूळ स्वरूपात जवळ हवेत, छायाप्रत चालत नाही. ज्यांच्या कार्डाचे नूतनीकरण सुरू आहे त्यांनी तात्पुरत्या कागदावर भरवसा ठेवून निघण्याआधी आपल्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयात चौकशी करावी; माझ्या मते साल्झबर्ग महिनाभर थांबू शकते.

तपासणीमुळे गाडी रखडू शकते, आणि इथे वेगवेगळी तिकिटे काढल्याचा तोटा कळतो. संपूर्ण प्रवासाचे एकच सलग तिकीट असेल तर पुढची गाडी चुकल्यास युरोपीय संघाच्या नियमांचे संरक्षण मिळते; दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर चुकलेल्या गाडीची जबाबदारी सहसा प्रवाशाचीच. म्हणून रात्री म्युनिकहून विमान पकडायचे असेल, तर शेवटच्या सोयीच्या गाडीवर न विसंबता किमान एक गाडी आधीची धरावी.

हीच सवय दुसऱ्या सीमेवर नेली की नव्या चुका होतात. बाझेलचे बाडिशर बानहोफ हे स्थानक स्विस भूमीवर असूनही जर्मन रेल्वेचे आहे, आणि डॉइचलांड-तिकीट तिथपर्यंतच चालते. तीच गाडी पुढे शहराच्या मुख्य स्विस स्थानकात जात असली तरी त्या दोन स्थानकांमधल्या प्रवासाला वेगळे तिकीट लागते. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात नाही. त्यामुळे जर्मनीत केलेली खरेदी दरडोई १५० फ्रँकपेक्षा जास्त असेल तर ती जाहीर करावी लागते, आणि जर्मन सिमकार्डाचे युरोपीय रोमिंगही तिथे गृहीत धरता येत नाही. डेटा बंद करायचा तो सीमा येण्याआधीच, कारण फोन स्विस नेटवर्क बराच आधी पकडू शकतो.

लक्झेंबर्गमध्ये नेमके उलटे आहे. तिथे २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा प्रवास विनामूल्य आहे, पण तो देशाच्या हद्दीतच. जर्मन बाजूच्या प्रवासाला तिकीट लागतेच. कोब्लेन्झहून येणारी गाडी ट्रियरला दुभंगते आणि तिचा एकच भाग लक्झेंबर्गला जातो, म्हणून बसण्यापूर्वी आपल्या डब्याच्या दारावरची पाटी वाचावी. चुकीच्या भागात बसल्याचे लक्षात आले तर ट्रियरला उतरून, फलाटावरूनच पुढच्या किंवा मागच्या भागाकडे जावे.