मासा आजारी दिसला तर औषधाआधी पाणी बघा

मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला किंवा एकटाच कोपऱ्यात पर मिटून बसला की हात आपोआप औषधाच्या बाटलीकडे जातो. माझाही जायचा. आता मात्र मी आधी टेस्ट किट काढतो, कारण बहुतेक वेळा मूळ दुखणं पाण्याचंच असतं, आणि तशा पाण्यात औषध ओतलं की आधीच गुदमरलेल्या जिवाला अजून त्रास.

तपासायचं काय, तर अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते). थेंबांचं किट घ्या, पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, म्हणजे शून्यच, "जरासा हिरवट रंग आलाय, चालतंय" असं नाही. नायट्रेट २० ते ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत असेल तर ठीक. माशांची घाण आणि तळाला सडणारं उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढायचं. ही बॅक्टेरियांची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून टँक आणला त्याच दिवशी एकदम दहा मासे सोडले की पहिल्या महिन्यातच एकेक जायला लागतात आणि आपल्याला वाटतं मासेच खराब मिळाले.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर लगेच हे करा. खाणं दोन दिवस बंद, घाबरू नका, मोठा निरोगी मासा दोन दिवस आरामात उपाशी राहतो. एअर पंप जोरात लावा. अर्धं पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट करा, अर्धं बदललं की अमोनिया १ चा ०.५ होतो, शून्य होत नाही, त्यामुळे काही दिवस रोज बदलावं लागेल. नवीन पाण्याचं तापमान टँकइतकंच ठेवा आणि क्लोरीन काढणारे थेंब टाकूनच ते पाणी वापरा. पाणी २४ तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो असा उडत नाही, थेंबच लागतात. नायट्राइट जास्त असेल तर लिटरला १ ग्रॅम साधं जाडं मीठ विरघळवून टाका, मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरायला अडतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टँक जुना असेल, कित्येक महिने पाणी बदललेलं नसेल, पीएच ६.५ च्या खाली गेलेला असेल आणि अमोनिया भरपूर दाखवत असेल तर अर्धं पाणी एकदम बदलू नका. कमी पीएचमध्ये अमोनिया फारसा विषारी नसतो, पण नवीन पाण्याने पीएच वाढतो, आणि तो ७ चा ८ झाला की त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणजे आपण चांगलं करायला जातो आणि मासे तासाभरात तडफडायला लागतात. अशा टँकमध्ये रोज १० टक्केच बदला आणि पीएच हळूहळू वर आणा.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. फिल्टरचा स्पंज फार काळा दिसला म्हणून नळाखाली धरून अगदी पांढरा होईपर्यंत चोळून धुतला, तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर, कल्ले लालभडक, आणि त्यातले दोन मी वाचवू शकलो नाही. नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरियांची सगळी वस्ती मेली होती. आता टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोनचार वेळा पिळतो, बस. दोन स्पंज असतील तर एकावेळी एकच धुवा.

पाणी ठीक निघालं तर मग मासा नीट बघायचा, लाइट लावून, अगदी काचेला नाक लावून पाच मिनिटं. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आणि मासा दगडाला अंग घासतोय म्हणजे बहुतेक इक हा परजीवीचा आजार. (गोल्डफिशच्या नराच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीने पांढरे दाणे आले असतील तर तो आजार नाही, विणीच्या काळात ते येतात, त्याला औषध देऊ नका.) इकमध्ये लोक हमखास चुकतात ते इथे, की ठिपके गेले म्हणून औषध थांबवतात. ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी, आत असताना त्याला औषध लागतच नाही. तो पोसला की गळून तळाला जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ते पोहत नवीन मासा शोधतात, औषध लागतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही चारपाच दिवस, एकूण कमीत कमी १० दिवस उपचार चालू ठेवा. गरम पाण्यातल्या माशांसाठी तापमान दिवसाला एकदोन डिग्री करत २९-३० पर्यंत न्या, त्याने परजीवीचं चक्र लवकर फिरतं, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून एअर पंप हवाच. एकदोन दिवसाआड तळ सायफनने (पाणी ओढायच्या नळीने) ओढून घ्या, गळून पडलेले बरेच तिथेच सापडतात.

पर कडेने झिजतायत, कडा पांढरट किंवा लाल, तर परसड. सुरुवातीची असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने बरी होते, मी तरी आधी आठवडाभर रोज २५ टक्के पाणी बदलून बघतो. तोंडावर किंवा पाठीवर कापसासारखं दिसलं तर ती बुरशीच असते असं नाही, कॉलमनारिस नावाचा बॅक्टेरियाचा आजार तसाच दिसतो आणि भराभर पसरतो, तिथे तापमान वाढवलं तर उलट जास्त भडकतो. म्हणून "मासा आजारी आहे ना, मग हीटर वाढव" हा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. मासा एका बाजूला कलंडून पोहतोय आणि पोट फुगलंय, विशेषतः गोल्डफिश, तर दोनतीन दिवस उपास आणि मग साल काढलेला उकडलेला मटार कुस्करून. पोट फुगून खवले कणसाच्या पातीसारखे उभे राहिले असतील तर मात्र अवघड आहे, आतून किडनी गेलेली असते, फार थोडे वाचतात. बाकीच्यांसाठी त्याला वेगळं काढा.

औषध द्यायचंच ठरलं तर टँकमध्ये खरं पाणी किती ते आधी काढा. ६० बाय ३० बाय ४० सेंटिमीटरचा टँक हिशेबाने ७२ लिटर होतो, पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा धरली तर पाणी ६० च्या आसपासच असतं. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. दोन औषधं एकत्र नको. तांबं असलेलं औषध असेल तर गोगलगायी आणि झिंगे आधी बाहेर. लोच आणि कोरीसारख्या माशांना मीठ आणि मॅलाकाइट ग्रीन हे औषध सोसत नाही, त्यांना अर्ध्या डोसपासून सुरू करा. आणि मीठ हवेत उडून जात नाही, त्यामुळे १५ लिटर पाणी बदललं तर १५ लिटरपुरतंच मीठ परत टाका, दर वेळी पूर्ण डोस टाकलात तर ते साठत जातं.

मेथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टँकमध्ये नकोच, ते फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं. त्यासाठी वीसेक लिटरचा साधा टब वेगळा ठेवा, त्यात हीटर, लपायला पाइपचा तुकडा आणि एक स्पंज फिल्टर, खडी नको. पण मेथिलीन ब्लू त्या स्पंजचे बॅक्टेरियाही मारणार, म्हणून औषध चालू असताना रोज अमोनिया बघा आणि पाणी बदलत राहा. नवीन आणलेले मासेसुद्धा आधी याच टबात, कमीत कमी २ आठवडे, आणि तेव्हा मात्र त्याचा स्पंज दोनतीन आठवडे आधीच मुख्य टँकमध्ये टाकून ठेवलेला असला पाहिजे, म्हणजे बॅक्टेरिया तयार असतात. टबासाठी जाळी आणि सायफन वेगळे. आणि हाताला कापलेलं असेल तर टँकमध्ये हात घालू नका, माशांच्या टीबीचा जंतू जखमेतून माणसाच्या कातडीत जाऊ शकतो, लांब हातमोजे घालूनच काम करा.