आपल्या वाडीत हेरिटेज वॉक काढायचाय? आधी शेजाऱ्यांकडे चहा प्या

गिरगावात मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी हेरिटेज वॉक काढतो, म्हणजे लोकांना जुन्या वाड्या-चाळी पायी फिरवून दाखवतो, आणि महिन्यातून एकदा तरी कोणाचा तरी मेसेज येतोच की दादा आम्हालापण आमच्या कोळीवाड्यात, आमच्या गावठाणात असं काहीतरी सुरू करायचंय, कसं करायचं. दरवेळी तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या वॉकला इन्स्टावर पोस्ट टाकली, चौतीस जण आले, मी हवेत. खोताची वाडी झाली आणि मग उत्साहाच्या भरात सगळ्यांना एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर नेलं. आता चाळीची गॅलरी ती केवढी, समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरायचं, तिथे चौतीस माणसं! एकाच्या बॅगेत अडकून दोरीवरचे कपडे खाली, दुसऱ्याने सरळ खिडकीतून आत मोबाईल धरला, आत आजींची पूजा चालली होती. त्या तशाच हातात ताम्हण घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, घर आहे हे आमचं, राणीची बाग नाही." पुढचा वॉक मी तीन महिन्यांनी काढला.

त्या तीन महिन्यांत जे केलं तेच खरं तर पहिलं काम. रूट ठरवायच्या आधी माणसांकडे जायचं, चाळीचे सेक्रेटरी, गणपती मंडळाचं कोणीतरी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, कोळीवाड्यात असाल तर तिथली सोसायटी आणि मासळी विकणाऱ्या मावश्या. यांना "परवानगी द्या" म्हणायचं नाही, विचारायचं की लोक आले तर कुठून गेलेले चालतील, कुठून अजिबात नको, किती वाजता नको. आमच्याकडे उत्तर आलं की साडेनऊनंतर नको, कारण तेव्हा पाहुणे येतात, आणि जिन्याच्या वर नको. झालं, रूट तिथेच अर्धा ठरला. चाळ आता आम्ही खालच्या चौकातूनच दाखवतो आणि कोणाचं काही बिघडत नाही.

माणसं जास्तीत जास्त १२. तेरावा आला तर पुढच्या रविवारी. बारा माणसांना माइक लागत नाही, गल्लीत गाडीला वाट देता येते, आणि चहावाल्याकडे एकदम गर्दी होत नाही. फोटोचा नियम सुरुवातीलाच सांगा, स्टेशनबाहेर उभे असतानाच: इमारतीचे काढा, माणसांचे विचारून, उघड्या दारा-खिडक्यांचे नाही. धारावीत २००५ पासून टूर काढणाऱ्या एका कंपनीने लोकांना कॅमेरेच बाहेर काढू दिले नाहीत, तरी त्यांच्याकडे जगभरातून लोक आले, त्यामुळे "फोटो नाही तर येणार कोण" ही भीती काढून टाका.

आता पैसे. इथे बरेच जण लाजतात, फुकट ठेवतात, आणि मला ते पटत नाही. फुकट वॉकचा खर्च शेवटी वाडीच भरते, आवाज तिचा, कचरा तिचा, आणि मिळकत शून्य. माझा हिशोब उघडा आहे. माणशी ४०० रुपये, १२ जण, म्हणजे ४,८००. त्यातले १,५०० सांगणाऱ्याला, आणि सांगणारा शक्यतो तिथलाच कॉलेजमधला मुलगा-मुलगी हवी, मी आता अर्ध्या वेळा मागे नुसता उभा असतो. ९६० नाश्त्याला, माणशी ८० धरून, आणि नाश्ता वाडीतल्याच एका काकूंकडून येतो, बाहेरच्या कॅटररकडून नाही. १,२०० वाडीच्या डब्यात. उरलेले ११४० छपाई, आयत्या वेळी रद्द करणारे, आणि पुढच्या वेळची तजवीज. डबा म्हणजे खरंच डबा होता सुरुवातीला, पार्लेचा जुना पत्र्याचा, आता मंडळाच्या खात्यात जातात. पण एक करा, त्या पैशाचं पहिलं काम डोळ्याला दिसणारं करा. आम्ही नळाजवळचा फुटलेला ओटा बांधून घेतला, दोन दिवसांचं काम, आणि त्यानंतर लोकांचा सूर बदलला. आधी "तुमचे ते लोक" होते, मग "आपले रविवारचे" झाले. हिशोबाचा कागद दर महिन्याला नोटीस बोर्डवर लावा, नाहीतर कुजबुज सुरू होते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. दक्षिण मुंबईतला काळा घोडा परिसर बघा ना, १९९८ साली तिथे असोसिएशन झाली, १९९९ पासून आर्ट्स फेस्टिवल, लोक कला बघायला आले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशातून त्याच परिसराची दुरुस्ती-देखभाल होत गेली. तिथलं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नीट झालं आणि २०१९ मध्ये त्याच्या आणि फ्लोरा फाउंटनच्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दाद मिळाली. माहीम कोळीवाड्यात बचतगटांच्या बायका सीफूड प्लाझा चालवतात, लोक समुद्राकडे तोंड करून बसून खातात आणि पैसे थेट रांधणाऱ्या हातात. मुंबईला पाहुण्यांची कमी कधीच नव्हती, पण पाहुणे गेटवेला उतरतात, एलिफंटाची बोट पकडतात, सीएसएमटीसमोर सेल्फी काढतात आणि जातात. वॉर्डातल्या गल्लीपर्यंत त्यातला रुपया येत नाही, तो आणायचा असेल तर वॉक हे सगळ्यात स्वस्त साधन आहे. भांडवल काय, चपला.

सांगायचं काय याची फार चिंता करू नका, पण थापा मारू नका. आमच्याकडे खोताची वाडी म्हटलं की दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू समाजातले आणि त्यांच्याकडून जागा घेऊन घरं बांधणारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांची कुटुंबं, केशवजी नाईक चाळ म्हटलं की १८९३ चा सार्वजनिक गणपती, एवढं पक्कं. बाकी लाकडी जिना बाहेरून का, पुढचा व्हरांडा रस्त्याला खेटून का, हे लोकांना हाताने दाखवा. साल विसरतील, जिना लक्षात राहील. एक गृहस्थ दर वॉकला "इथून भुयार होतं" सांगायचे, पाचव्यांदा मी त्यांना नाश्त्याच्या टेबलाकडे नेलं 😄

यायचं कसं हे पोस्टमध्येच लिहा: लोकलने चर्नी रोड, नाहीतर मेट्रो ३ चं गिरगाव. गाडी आणू नका असं स्पष्ट लिहा, आमच्याकडे राहणाऱ्यांनाच पार्किंग नाही. रविवार आहे, रेल्वेच्या मेगाब्लॉकचं टाइमटेबल आदल्या रात्री बघा आणि ग्रुपवर टाका. पाण्याची बाटली घरून. चहा काचेच्या ग्लासात, नाश्ता स्टीलच्या ताटलीत, धुणाऱ्या मावशींचे पैसे त्या ८० मध्ये धरलेले आहेत. आणि टॉयलेट! सुरू करायच्या आधी सगळ्यांना स्टेशनजवळच्या सुलभकडे पाठवा, वाडीत कोणाच्या घरी "जरा जाऊन येऊ का" करायची वेळ आणू नका.

एक कडू गोष्टपण सांगतो. वॉक काढून इमारत वाचत नाही. हेरिटेजची नियमावली मुंबईत १९९५ पासून आहे, पण गळणाऱ्या छपराचा खर्च घरमालकानेच करायचा, आणि समोर बिल्डर नवा फ्लॅट दाखवतोय, अशा वेळी मी कोणाला "विकू नका" म्हणणारा कोण? कोणी वॉकमध्ये राहणाऱ्यांना तसं ऐकवायला लागला तर मी मधेच थांबवतो. आपल्याकडून ओटा होईल, दिवा होईल, एखाद्या मुलीला दर रविवारी दीड हजार मिळतील.

वाडीने नको म्हटलं तर बंद करायचं, त्याच आठवड्यात, वाद न घालता. आमचं एकदा झालंय, वाडीत कोणी वारलं होतं, महिनाभर गेलो नाही. जून-जुलैत पावसात छत्र्यांनी गल्ली भरते म्हणून सहाच जण घेतो. गणपतीच्या दहा दिवसांत वॉक नाही, कितीही विनवण्या आल्या तरी. अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी परत सुरू, साडेसातला, चर्नी रोडच्या पूर्वेच्या जिन्याखाली.