व्ही गळ्याचा पहिला टॉप: गळा सगळ्यांत शेवटी कापा

शिवण शिकायला निघालेल्या मुली मला विचारतात, "ताई, पहिलं काय शिवू?" मी सांगते, सैलसर सुती टॉप शिवा, व्ही गळ्याचा. क्लासमध्ये झबलं, टोपडं, परकर आणि मग ब्लाउज असा क्रम असतो. त्या क्रमात हात बसतो, हे मला मान्य आहे. पण झबलं घालायला घरात बाळ नसलं की शिकणारीचा उत्साह ओसरतो, आणि ब्लाउज मापाला इतका कडक की अर्धा इंच चुकला तरी अंगात बसत नाही. सैल टॉप अर्धा-पाऊण इंच सांभाळून घेतो. शिवाय आपल्या नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५च्या आसपास. असा टॉप शिवला की तो कपाटात पडून राहत नाही, रोज अंगावर येतो. त्यात कठीण जागा एकच, गळ्याचं टोक. म्हणून या लेखात मी गळ्यावर जास्त बोलणार आहे.

मी स्वतः नागपूरच्या महाल भागातल्या एका लहानशा क्लासला जायचे. दुसऱ्याच महिन्यात मोठ्या हिमतीने वहिनीसाठी टॉप घेतला. पुढचा भाग बेतला, कापला, गळाही लगेच कापून टाकला. मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली, म्हणून तो तुकडा खुंटीला अडकवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून टॉप पूर्ण केला. वहिनीने घातला, पण ती जरा वाकली की गळा छातीपासून सुटून पुढे यायचा. ती बिचारी काही बोलली नाही, ओढणी घेऊनच तो वापरत राहिली. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. क्लासच्या बाईंनी टेप लावून दाखवलं. गळ्याची तिरकी कड मी सव्वाआठ इंच कापली होती, ती पावणेनऊ भरत होती. बाई म्हणाल्या, "काहून घाई करून राहिली होतीस वं? गळा आधी कापला की तो आपलं ऐकत नाही."

असं का होतं ते तेव्हा मला आजोबांच्या भाषेत कळलं. ते एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली ती गिरणी आज राहिली नाही, पण तिथे आयुष्य काढलेल्या माणसांच्या घरात कापडाची समज अजून आहे. आजोबा कापड हातात घेतलं की आधी उभं ओढायचे, मग आडवं, मग कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. या दोन्ही दिशांना सुती कापड फारसं ताणत नाही. तिरकं धरलं की मात्र ते रबरासारखं लांबतं, कारण तिथे धागा ओढला जात नाही, दोन धाग्यांमधला कोन बदलतो. या तिरक्या दिशेला शिवणकामात उरेब म्हणतात. व्ही गळ्याच्या दोन्ही कडा उभ्या धाग्याला तिरक्या, उरेबकडे झुकलेल्या येतात. कापून मोकळ्या ठेवल्या की स्वतःच्या वजनाने, इस्त्रीने, नुसत्या हाताळण्याने त्या लांबतात. गोल गळ्यात ताणणारा भाग थोडा असतो, म्हणून तिथे ही चूक लपून जाते.

आता कापड. गांधीबागेत आणि इतवारीत सुती कापडाची इतकी दुकानं आहेत की नवख्या माणसाचे डोळे फिरतात. पहिल्या टॉपला कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन घ्या. रेयॉन दिसायला छान, पडतंही छान, पण कात्रीखाली सरकतं. ते तिसऱ्या-चौथ्या टॉपला. मलमल उन्हाळ्यात फार सुखाची, पण टोकाजवळ कात्रा दिला की तिचे धागे सुटतात. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर २ मीटर पुरतं आणि गळ्याच्या पट्टीलाही उरतं. दुकानात कापड बोटांत चोळून पाहा. पांढरी भुकटी निघाली तर ती खळ आहे. धुतल्यावर ते कापड विरळ होईल.

घरी आणलं की पहिलं काम, बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवणं. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतंच, आणि २६ इंच उंचीच्या टॉपमधून एक इंच गेला तरी तो अंगावर लगेच दिसतो. पिळू नका, सावलीत वाळवा, थोडं दमट असताना इस्त्री करा.

मशीनबद्दल थोडक्यात. घरात सासूबाईंचं पायाचं काळं मशीन असेल तर त्याच्यावरच शिका, नवीन घ्यायची गरज नाही. कॅम्ब्रिकला १४ नंबरची सुई, मलमलला ११. टाका मध्यम ठेवा. काही जुन्या मशीनला उलट टाका घालायची सोय नसते. तिथे शिलाईच्या सुरुवातीला आणि शेवटी दोरे हाताने गाठ मारून बांधा. आधी त्याच कापडाच्या चिंधीवर दोन-चार शिलाया मारा आणि खालचा-वरचा दोरा सारखा बसतो ना, ते बघा.

मापं चार लागतात: छाती, सीट (नितंबांचा घेर), उंची आणि दंडाचा घेर. छाती ३६ धरून मी सांगते, तुम्ही तुमचा आकडा घाला. सैलपणासाठी ८ इंच मिळवा, ४४ झाले. त्याचा चौथा भाग ११, आणि १ इंच माया (शिलाईबाहेर सोडायचं जादा कापड), म्हणजे १२. माया सोडताना कंजुषी करू नका. पुढे अंग भरलं तर हीच माया उसवून टॉप मोठा करता येतो. उंची २६ हवी असेल तर खांद्याच्या शिलाईला अर्धा आणि खालच्या दुमडीला दीड धरून २८ घ्या.

कापड आधी उभं दुमडा, किनारीला किनार लावून. मग आडवं दुमडा, म्हणजे चार पदर होतील. आडवी दुमड खांद्याच्या बाजूला, उभी दुमड तुमच्या डाव्या हाताला. (वेलबुट्टी एकाच दिशेने असेल तर आडवं दुमडू नका, नाहीतर पाठीवर फुलं उलटी येतील, दोन भाग सुटे कापून एकावर एक ठेवा.) खडूने उभ्या दुमडीपासून वरच्या कडेवर सव्वातीन इंचांवर खूण करा, ही गळ्याची रुंदी. तिथून पुढे, त्याच दुमडीपासून मोजून १४ इंचांपर्यंत जा आणि त्या टोकाला २ इंच खाली या. ती तिरकी रेघ म्हणजे खांदा आणि बाही एकत्रच. वेगळी बाही जोडायची नाही, म्हणून मुंढ्याची कटकटही नाही. बाहीच्या टोकापासून ८ इंच सरळ खाली या, ते बाहीचं तोंड. दंड जाड असेल तर ९ घ्या. तिथून काखेत १२ इंचांच्या खुणेकडे हलका गोल आकार देत या आणि पुढे सरळ खाली जा. सीट छातीपेक्षा बरीच जास्त असेल तर खालचा घेर १ इंच वाढवा. कापताना खांद्याची दुमडही कापून दोन्ही भाग सुटे करा.

लक्षात आलं का, पुढचा आणि मागचा भाग अगदी सारखे निघाले. कारण गळा आपण अजून कापलेलाच नाही. पुढे-मागे ओळखायला एका तुकड्यावर उलट बाजूने "पुढे" असं खडूने लिहून ठेवा.

पुढच्या भागाची मधली घडी नखाने दाबून घ्या, किंवा इस्त्री फिरवा. ही रेघ सरळ असली तरच टोक मध्यावर येतं. वरून अर्धा इंच खांद्याच्या शिलाईचा सोडून, तिथून साडेसात इंच खाली टोकाची खूण करा. सव्वातीनच्या खुणेपासून टोकापर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढा, दोन्हीकडे. मागच्या भागावर त्याच रुंदीचा, दीड इंच खोल गोल गळा आखा. आता टेप घेऊन या सगळ्या रेघांची लांबी मोजा. ती साधारण साडेतेवीस भरते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर २२ इंचांच्या आसपास असतो, म्हणजे टॉप डोक्यातून सहज जातो. तुम्ही गळा लहान करणार असाल तर स्वतःच्या डोक्याचा घेर आधी मोजून घ्या, कारण या टॉपला चेन नाही की बटण नाही.

उरलेल्या कापडातून गळ्यापेक्षा सगळीकडून दोन-अडीच इंच मोठे दोन तुकडे काढा. हे फेसिंग, म्हणजे गळ्याला आतून लावायची पट्टी. त्यांचा उभा धागा टॉपच्या उभ्या धाग्यासारखाच ठेवा, तिरका नको. फेसिंगच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारं पातळ बकरम (ताठपणा देणारं कापड) लावा. हे बकरमच उरेबला धरून ठेवतं. जाड घेऊ नका, गळा पत्र्यासारखा उभा राहतो. फेसिंगवरही तोच गळा आखा आणि सुलट बाजूला सुलट बाजू लावून, मधली घडी मधल्या घडीवर ठेवून, टाचण्या लावा. मग धावदोरा घाला. मुलींना हा धावदोरा वेळखाऊ वाटतो. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

आता आखलेल्या रेघेवरून शिलाई मारा. टोक एक इंचावर आलं की टाका बारीक करा. अगदी टोकावर येऊन सुई खाली रुतलेली ठेवा, मशीनचं फूट (कापड दाबणारा पाय) उचला, कापड अर्धवट फिरवा, एक टाका आडवा घ्या, पुन्हा सुई खाली, पुन्हा फिरवा आणि वर चला. हा आडवा एक टाका मला बाईंनी शिकवला. तो नसला की उलटल्यावर टोकाला चुणी पडते, कारण दोन शिलायांच्या मध्ये कापडाला वळायला जागाच मिळत नाही. वर जातानाही एक इंच टाका बारीकच ठेवा.

आणि आता, शिलाई घट्ट बसल्यावर, गळा कापा. शिलाईपासून पाव इंच आत. कड मोकळी सोडायचीच नाही, म्हणून ती ताणली जाण्याचा प्रश्न उरत नाही. टोकाला लहान कात्रीने सरळ खाली कात्रा द्या, शिलाईच्या एक-दोन धागे अलीकडे थांबा. इथे प्रत्येकीचा हात थरथरतो. घाबरून लवकर थांबलात तर टोक सुरकुतणार. मग धीर करून अजून एक धागा पुढे जा. जास्त पुढे जाऊन शिलाई कापली गेली तर मागून बकरमचा छोटा तुकडा चिकटवा आणि एक धागा खालून पुन्हा शिलाई मारा, टॉप वाचतो. मी नवीन मुलींना आधी चिंधीवर अशी पाच टोकं शिवायला लावते. पाचव्याला टोक सुरीसारखं येतं.

फेसिंग आत उलटा, पण त्याआधी माया फेसिंगच्या बाजूला वळवून फेसिंगवर कडेने एक शिलाई घाला, टोकाच्या अलीकडे एक इंचापर्यंत. याने फेसिंग बाहेर डोकावत नाही. मागचा गळा असाच, फक्त गोलाईला जागोजागी कात्रे द्या.

पुढचं काम भराभर होतं. खांदे जोडताना फेसिंग उलगडून गळ्याची शिलाई गळ्याच्या शिलाईवर आणा आणि टॉपचा खांदा ते फेसिंगचा खांदा एकाच रेघेत शिवा. मग बाजू शिवा. काखेच्या गोलाईत दोनदा शिलाई आणि कात्रे. कडा इंटरलॉक करून आणा, नाहीतर घरीच दुमडून शिवा. फेसिंग खांद्याच्या मायेला हाताने दोन टाके घालून अडकवा. बाहीचं तोंड दुमडून शिवा. खालची दुमड मारण्याआधी टॉप एक रात्र हँगरला लावून ठेवा, सकाळी खालची कड सपाट जमिनीवर पसरून सारखी करा आणि मग तुरपाई किंवा मशीनची शिलाई.

हे सगळं जमू लागलं आणि पुढे ऑर्डरी घ्यायचा विचार आला, तर एक गोष्ट आताच सुरू करा. ज्या मापाचा टॉप अंगात चांगला बसला, त्याचा नमुना खाकी कागदावर उतरवून ठेवा. त्यावर माप, तारीख आणि कापड लिहा. पुढच्या वेळी "गळा अर्धा इंच वर", "बाही सैल" असं जे काही सुचेल ते त्याच कागदावर पेन्सिलीने. माझ्याकडे अशा कागदांची गुंडाळी दाराच्या मागे टांगलेली आहे. कुणी शेजारीण माप द्यायला आली की मी आधी तिच्या छातीच्या मापाचा कागद काढते, टेप नंतर. सरकारी आयटीआयमध्ये एक वर्षाचा शिवणकामाचा अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्र हवं असेल तर तो जरूर करा. पण तिथे जातानाही हे कागद सोबत न्या. वहिनीच्या त्या पहिल्या टॉपचा कागद अजून गुंडाळीत सगळ्यांत आतल्या बाजूला आहे. त्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलंय: "कड सव्वाआठ. पावणेनऊ झाली." दिवाळीत तिला नवीन टॉप शिवून दिला, त्याच मापाचा, आणि यंदा तिने ओढणी मागितली नाही.